ॲरिझोनात शाळांसाठी सह्या गोळा केल्या, त्याची गोष्ट

जून २०१८. चँडलरच्या एका ग्रंथालयाबाहेर संध्याकाळी सहालाही ४२ अंश तापमान होतं. अंगात लाल टी-शर्ट, हातात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला कागद, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न: "तुम्ही इथले नोंदणीकृत मतदार आहात का?"

मला अमेरिकेचं नागरिकत्व मिळून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ॲरिझोनाच्या घटनेत १९१२ पासून, म्हणजे राज्य झाल्यापासून, एक सोय आहे. पुरेशा मतदारांच्या सह्या आणल्या की विधिमंडळाला न विचारता लोक स्वतःच कायदा मतदानाला घालू शकतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये शिक्षकांनी शाळा बंद ठेवून मोर्चे काढले होते. माझ्या मुलीच्या बाई संध्याकाळी दुसरी नोकरी करायच्या. म्हणून, श्रीमंतांवरचा कर वाढवून तो पैसा शाळांना द्यावा या प्रस्तावासाठी मी कागद हातात घेतला.

काम दिसतं त्यापेक्षा किचकट. नाव, पत्ता, तारीख हे सगळं सही करणाऱ्यानेच लिहायचं. प्रत्येक कागदाला प्रस्तावाचा पूर्ण मजकूर जोडलेला हवा. एका कागदावर एकाच काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, मतदार. आमच्याकडून थोडं दक्षिणेला गेलं की पिनाल काउंटी लागते, त्यामुळे तिकडच्यांसाठी वेगळा कागद ठेवावा लागे. शेवटी मागच्या बाजूला नोटरीसमोर माझी सही. एवढं करून आमच्या मराठी ओळखीतल्या निम्म्या लोकांना सही करताच यायची नाही, कारण ते एच-वन व्हिसावर. "वहिनी, आम्ही पाणी आणून देतो," म्हणायचे, आणि खरंच द्यायचे.

राज्यभरातून सुमारे २ लाख ७० हजार सह्या जमल्या. ऑगस्टअखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव मतपत्रिकेवरून काढून टाकला. कागदावरच्या शंभर शब्दांच्या गोषवाऱ्यात वाढणारा करभार नीट सांगितलेला नाही, लोकांचा गोंधळ होऊ शकतो, असं म्हणून. वाईट वाटलं, पण पटलंही. सही मागताना मीसुद्धा तो गोषवारा भराभर वाचून दाखवायचे.

२०२० मध्ये पुन्हा उभे राहिलो. या वेळी मागणी साधी होती: एकट्याचं उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर, किंवा जोडप्याचं पाच लाखांच्या वर गेलं, तर वरच्या रकमेवर साडेतीन टक्के जादा कर. पैसा शाळांना. मार्चमध्ये करोना आला, पाडव्याचा कार्यक्रम रद्द झाला, सगळे घरात. मग आम्ही वाहनतळावर टेबल मांडून बसलो. लोक गाडीतून यायचे, मी मास्क लावून पुठ्ठा खिडकीतून पुढे करायचे, प्रत्येक सहीनंतर पेन पुसायचे. कायद्यासाठी सुमारे २ लाख ३७ हजार सह्या लागणार होत्या, आम्ही ४ लाख ३५ हजारांहून जास्त दिल्या.

पुन्हा कोर्ट, पुन्हा तेच शंभर शब्द. खालच्या न्यायालयाने प्रस्ताव रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत मतपत्रिकेवर ठेवला. नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव २०८ जिंकला. साडेसोळा लाखांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं. माझी मतपत्रिका मोजली गेल्याचा काउंटीचा संदेश मी अजून फोनमधून पुसलेला नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच न्यायालयाचा निकाल आला. शाळांनी वर्षाला किती खर्च करायचा याला राज्यघटनेत मर्यादा आहे. आमच्या प्रस्तावात लिहिलं होतं की हा पैसा अनुदान आहे, तो त्या मर्यादेत धरू नये. न्यायालय म्हणालं, साधा कायदा घटनेला अशी बगल देऊ शकत नाही. कराचा पैसा मर्यादेबाहेर जाणार का, हे ठरवायला प्रकरण खाली पाठवलं, आणि मार्च २०२२ मध्ये कर पूर्ण रद्द झाला.

मी तो निकाल छापून घेतला आणि ओट्याशी उभी राहून दोन रात्री वाचला. नवरा म्हणाला, "अगं, ही मर्यादासुद्धा लोकांनीच १९८० साली मत देऊन घातलीय." खरं होतं. न्यायाधीशांवर राग काढावा असं मला त्यात काही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच, आणि ते अजून टोचतं. घटनादुरुस्ती म्हणून प्रस्ताव आणला असता तर मर्यादा ओलांडता आली असती. त्याला दहाऐवजी पंधरा टक्के सह्या लागतात, म्हणजे साडेतीन लाखांच्या थोड्या वर. आम्ही दिलेल्या सह्या त्याहून जास्त होत्या. काही बाद झाल्या असत्या, मान्य. पण लोक आले होते. वाट निवडताना चूक झाली.

आणि व्यवस्थेचीही चूक आहे, असं मी ठामपणे म्हणते. मतदानाआधी इथे फक्त रूप तपासतात: सह्या, तारखा, गोषवारा. आशय घटनेत बसतो की नाही हे बहुतेक वेळा लोकांनी मत दिल्यावरच बघतात. त्याच २०२१ मध्ये आमच्या मॅरिकोपा काउंटीच्या, आदल्या वर्षीच्या निवडणुकीतल्या २१ लाख मतपत्रिका एका स्टेडियममध्ये हाताने पुन्हा मोजल्या जात होत्या, मतं बरोबर मोजली का या संशयापायी. माझं मत बरोबर मोजलं गेलं होतं, त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. शेजारच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांनी माझ्याबरोबर टेबलावर बसून सह्या घेतल्या, त्या २०२२ ला टपालाने घरी आलेली मतपत्रिका न उघडता ठेवून देणार होत्या. "मोजतात आणि मग फेकतात," म्हणाल्या. मी त्यांच्याकडे चहाला गेले, दोघींनी मिळून ती भरली. त्यात करवाढीच्या प्रस्तावाला यापुढे ६० टक्के मतं लागतील असाही एक प्रस्ताव होता. आम्ही दोघींनी ‘नाही’ लिहिलं. तो ५१ टक्क्यांनाही न पोचता मंजूर झाला.

दोन वर्षांनी किराणा दुकानाबाहेर एका मुलाने माझ्यासमोर पुठ्ठा धरला. मी त्याला सांगितलं, "थांब, मला सगळं वाचायचंय." जोडलेली पानं उन्हात उभं राहून शेवटपर्यंत वाचली. हा कायदा आहे की घटनादुरुस्ती, ते विचारलं. त्याला माहीत नव्हतं, त्याने फोन करून विचारून घेतलं. मग मी पेन मागितलं, नाव, पत्ता, तारीख लिहिली, आणि सही केली.