तिसरी शिट्टी

डाळीला तीन शिट्ट्या, भाताला दोन, छोले असतील तर पाच-सहा आणि वर देवाचं नाव. हे गणित घराघरात तोंडपाठ असतं. ते पहिल्यांदा चुकतं आजीच्या कानांपाशी. वय झालं की आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. म्हणून खालच्या रस्त्यावरून गेलेला डंपर आजीला ऐकू येतो आणि दोन पावलांवरच्या कुकरची शिट्टी मात्र येत नाही. बोलण्यातले स, श, फ, थ असेच गळतात. आजी तक्रार करते ती "मोठ्यानं बोला" अशी नाही, "नीट बोला" अशी, आणि तिचं बरोबरच असतं. कानाचं यंत्र घेतलेलं असतं, पण दुपारी आडवं होताना ते डबीत जातं, आणि कुकर नेमका त्याच वेळी गॅसवर असतो.

अशा घरात कुत्रा असला तर एक गंमत दिसते. शिट्टी झाली की तो कान टवकारतो, ओट्याकडे बघतो, मग आजीकडे. आजी उठली नाही तर पुन्हा ओट्याकडे, पुन्हा आजीकडे. हे कुणी शिकवलेलं नसतं. शिट्टी झाली की आजी उठते, आजी उठली की पोळीचा तुकडा पडतो, एवढा हिशोब त्याचा त्यानंच मांडलेला असतो. सर्व्हिस डॉग तयार करण्याच्या कामाकडे येणारे पुष्कळ जण याच दारातून आत येतात. घरातलं थकलेलं माणूस आणि त्याच्या पायाशी बसलेला कुत्रा यांच्याकडे बघता बघता ते प्रशिक्षक होतात.

मुंबईत सर्व्हिस डॉग म्हटलं की लोकांना पोलिसांचं श्वानपथक आठवतं, १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटकं हुडकणारा झंजीर आठवतो. ते काम वेगळं. सर्व्हिस डॉग एकाच माणसाचा असतो, आणि त्या माणसाला जे जमत नाही तेवढंच तो करतो. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डनबर्गला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची शाळा निघाली. ऐकू न येणाऱ्यांसाठीचे कुत्रे बरेच उशिरा आले, अमेरिकेत, १९७०च्या दशकात. आपल्या शहराला मात्र हाच दुसरा प्रकार जास्त मानवतो. वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला आधी फूटपाथ लागतो. इथे फूटपाथवर भाजीवाला, खोदलेला खड्डा आणि दर कोपऱ्यावर आपापली हद्द राखून बसलेली भटकी टोळी. आवाज सांगणाऱ्या कुत्र्याची नोकरी मात्र वन बीएचकेमध्येच सुरू होते आणि तिथेच संपते.

त्यासाठी लॅब्राडोरच हवा असं नाही. पंधरा-सोळा किलोचा गावठी कुत्रा, कान उभे, झोप सावध, उत्तम. बघायचं ते जातीपेक्षा घाबरण्यातून सावरणं. तीन मीटरवर स्टीलचं झाकण फरशीवर टाकावं. दचकला तर दचकू दे. चार-पाच सेकंदांत परत येऊन झाकण हुंगलं तर काम होण्यासारखं आहे. पलंगाखाली जाऊन अर्धा तास बाहेर आलाच नाही तर त्याच्यावर प्रेम करावं, नोकरी लावू नये. ढोल-ताशा आणि दिवाळीच्या लडी या शहरात चुकत नाहीत, आणि आवाजाला भिणाऱ्याला आवाजाचंच काम देणं हा जुलूम आहे. पिल्लू असेल तर तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात त्याला मिक्सर, लिफ्टचं दार, भंगारवाल्याची आरोळी असं सगळं हळू आवाजात, खाऊच्या सोबतीनं भेटवावं. लसींचा कोर्स पुरा होईपर्यंत कडेवर घेऊन. ही मुदत एकदा गेली की तेच काम महिनोन् महिने लांबतं.

शिकवणं सुरू होतं ते कुकर न लावता. उघडा तळवा पुढे करायचा, त्याचं नाक लागलं की "शाब्बास" म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. "शाब्बास" नाक लागताक्षणीच हवं. दोन सेकंद उशीर झाला की कुत्र्याला वाटतं, आपल्याला मान वळवल्याबद्दल मिळालं. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. मीठ नाही, फोडणी नाही, आणि कांदा तर चुकूनही नाही, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. बेदाणेही नकोत, त्यांनी मूत्रपिंडं जाऊ शकतात. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त खाऊ होऊ नये. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून तीन-चारदा. उत्साहाच्या भरात अर्धा तास ओढली की कुत्रा जांभया द्यायला लागतो, आणि ती झोप नसते, वैताग असतो.

तळव्यावरचं नाक मग गुडघ्यावर आणायचं. पंजा नाही. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, त्यात रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर नखाचा एक ओरखडा महागात पडतो. अंगावर उडी तर नाहीच.

नाक लावायला सांगताना दर वेळी "हात लाव" म्हणायचं, म्हणजे इथवर तो शब्द पक्का झालेला असतो. आता शिट्टी आणायची, आणि इथे बहुतेकांची चूक होते. शिट्टी आणि शब्द एकदम देतात. एकदम दिलं की कुत्रा ओळखीचं तेवढं ऐकतो, म्हणजे शब्द. शिट्टी त्याच्या लेखी पंख्याच्या आवाजासारखी मागे राहते. क्रम असा: आधी शिट्टी, एक सेकंद थांबणं, मग शब्द. काही दिवसांनी कुत्रा शब्दाची वाट न बघता गुडघ्याशी येतो. त्या पहिल्या वेळेला मूठभर खाऊ. सुरुवातीला आपल्याच कुकरची शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून हळू वाजवता येते, पण मोबाइल ठेवायचा ओट्यावर, खिशात नाही, नाहीतर कुत्रा शिट्टी झाली की खिसा हुंगतो. शिवाय मोबाइलच्या स्पीकरवर शिट्टीतला उंच भाग दबतो. आपल्याला फरक कळत नाही, जवळपास ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकणाऱ्याला कळतो. म्हणून आठवड्याभरात खऱ्या कुकरवर यावंच.

पुढचा टप्पा "कुठे?" चा. आजी हाताची खूण करते आणि कुत्रा तिला आवाजाच्या जागी नेतो. ओट्यापासून मीटरभर लांब एक पायपुसणं टाकायचं, त्यावर जाऊन बसला की काम पुरं. त्याच्या पुढे यायचं नाही, वाफ आणि गरम तेल कुत्र्याला ओळखत नाही. आणि खाऊ आजीनंच द्यायचा. प्रशिक्षक देत राहिला तर कुत्रा प्रशिक्षकालाच शिट्टी सांगायला शिकतो, आजी बिचारी टीव्ही बघत बसते.

मग येते मुंबईची खास अडचण. भिंतीला भिंत लागलेली, डक्टमधून सगळं ऐकू येतं. सकाळी साडेदहाला तिसऱ्या मजल्यावर एक कुकर, समोरच्यांकडे दुसरा, वरच्यांकडे बिर्याणी. कुत्रा सगळ्यांच्या शिट्ट्या इमानानं आणून देतो आणि आजीचे गुडघे दमतात. रागवायचं नाही. रागावलात तर तो आपलीही शिट्टी गिळतो. शेजारच्या शिट्टीला काहीच मिळत नाही आणि आपल्या शिट्टीला चिकन मिळतं, एवढा फरक त्याला काही आठवड्यांत उमगतो. आवाज कोणत्या दिशेनं आला हे त्याला कळतं. याच्या उलट्या बाजूची लबाडीही होते. शिट्टी झालेलीच नसते आणि स्वारी गुडघ्याला नाक लावून डब्याकडे बघते. त्यावर उपाय एकच, गॅसवर कुकर असेल तरच खाऊ.

घरातल्या माणसांना शिकवणं जास्त अवघड. बाबा "बस" म्हणतात, नातू "सिट", आत्या "बस हं राजा, बस ना". फ्रिजवर कागद चिकटवून पाच शब्द लिहावेत, त्यापलीकडे कुणी बोलू नये. आणि ताटातला घास देणं बंद. या शेवटच्या अटीवर आजी सही करत नाही, हे गृहीत धरावं.

कुत्र्याला मोजायला शिकवायचं नसतं. तो प्रत्येक शिट्टीला एकदा येतो, तीन झाल्या हे आजी ठरवते. दर महिन्याला एकदा त्याची पाठ असताना मागून हळूच शिट्टी वाजवून बघावी, कारण नऊ-दहा वर्षांचा झाला की त्याचेही कान उतरू लागतात. तेव्हा धाकट्या कुत्र्याची तयारी आधीच सुरू झालेली असावी, आणि थोरल्याला घरातच राहू द्यावं. त्याला मागून हात लावू नये, दचकून चावेल. जेवायला बोलवायचं असलं की आजीनं फरशीवर दोनदा पाय आपटावा. कंप त्याच्या पंजांना कळतो.