नाशिकहून सिट्जेस: भयपटांच्या गावाला जाताना

स्पेनमधल्या बार्सिलोनाजवळच्या सिट्जेस गावातल्या चित्रपट महोत्सवाला जायचं तर क्रम उलटा धरावा लागतो. आधी खोली, मग व्हिसा आणि सिनेमे सगळ्यात शेवटी. महोत्सव ऑक्टोबरात, तिकीटविक्री सप्टेंबरात. तोवर थांबलात तर व्हिसा वेळेत हाती पडणं अवघड. म्हणून कोणते सिनेमे आहेत हे नीट कळायच्या आतच फाइल लावायची. १९६८ पासून चाललेला हा महोत्सव आहे. भय, विज्ञानकथा, अद्भुत, जुने कल्ट सिनेमे असं दहा-अकरा दिवस अखंड चालू असतं. तेव्हा एवढा भरवसा ठेवायला हरकत नाही.

तारखा मात्र आपल्या सणांवर येतात. २०२४ मध्ये महोत्सव ३ ऑक्टोबरला, ऐन घटस्थापनेला सुरू झाला. २०२५ मध्ये ९ ते १९, म्हणजे वसुबारस आणि धनत्रयोदशी तिकडेच. घरी हे आधीच सांगून मोकळं व्हावं.

स्पेनचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, आणि बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्र गाठावं लागतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जून-जुलैत उरकलेलं बरं. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. फाइल अडकते ती बहुधा तारखांच्या घोळामुळे. मुंबईची बरीच विमानं रात्री दोन-तीनला सुटतात, म्हणजे आपण 'बुधवारी रात्री' म्हणतो तो तिकिटावर गुरुवार असतो. तिकीट, खोली आणि विमा या तिन्हींतल्या तारखा शेजारी ठेवून एकदा बोटानं जुळवून पाहा.

पहाटे तीनच्या विमानासाठी नाशिकहून संध्याकाळी सहा-सातला निघा. इगतपुरीला समृद्धीवर चढून आमणेला उतरलं की कसारा घाट टळतो, भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. सामानात चिवडा चालेल. पेढे, खवा, तूप नको. युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चार्जर बारीक दोन पिनांचा घ्या, तो तिथल्या प्लगमध्ये बसतो. आपली जाड तीन पिनांची पिन बसत नाही.

बार्सिलोना विमानतळाचं रेल्वे स्टेशन टर्मिनल २ पाशी आहे. टर्मिनल १ ला उतरलात तर तिथवर फुकट बस आहे. तिथून 'आर२ नॉर्द' ही लोकल पकडून एल प्रात स्टेशनला उतरायचं आणि 'आर२ सूद' ही लोकल घ्यायची. इथेच बरेच जण चुकतात. नुसती 'आर२' लिहिलेली गाडी कास्तेलदेफेल्सलाच संपते, सिट्जेसला जातच नाही. फलाटावरच्या पाटीत 'सूद' हा शब्द आणि पुढे सान विसेन्स किंवा विलानोवा हे नाव दिसलं तरच चढा. डाव्या खिडकीत बसा. कास्तेलदेफेल्स सुटलं की बोगदे लागतात आणि दोन बोगद्यांच्या मधे खाली एकदम समुद्र उघडतो. कसाऱ्याच्या बोगद्यांची सवय असलेल्यालाही ते नवं वाटतं. बार्सिलोनाच्या सान्त्स स्टेशनवरून निघालात तर पाऊण तासाच्या आत पोचता. गावाचं नाव विचारताना 'सिजस'च्या जवळचा उच्चार करा.

आता चित्रपटगृहं. मोठं ऑडिटोरी एका हॉटेलात, गावाच्या पूर्व टोकाला; रेतिरो आणि प्रादो ही जुनी गृहं गावात, एकमेकांपासून पाच मिनिटांवर. गावातून ऑडिटोरीला पायी १५ ते २० मिनिटं लागतात. कागदावर हे अंतर सोपं दिसतं, म्हणून लोक दोन सिनेमांत अर्धाच तास ठेवतात आणि दुसऱ्याचं तिकीट वाया घालवतात. कारण सिनेमाआधी दिग्दर्शक मंचावर येतो, बोलतो, दुभाषा तेच पुन्हा बोलतो, आणि खेळ वीस मिनिटं सहज लांबतो. गृह बदलायचं असेल तर पाऊण तास ठेवा. दिवसाला तीन सिनेमे पुरे. पाच बघणारा चौथ्यात झोपलेला असतो.

तिकीट काढण्याआधी प्रत्येक खेळाची भाषा तपासा. सिनेमा कोरियन आणि उपशीर्षकं फक्त स्पॅनिश किंवा तिथल्या स्थानिक कातालान भाषेत, असंही होऊ शकतं. प्रेक्षक मुंडकं उडालं की टाळ्या पिटतात. तो तिथला रिवाज आहे, चिडू नका. पहिल्या शनिवारी झॉम्बींची मिरवणूक असते, त्या संध्याकाळी गल्ल्या तुंबतात. सिनेमा दुपारचाच घ्या.

मुक्काम बार्सिलोनात ठेवला तर पैसे वाचतात, पण परतीची शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आधी जाते. नंतर एन३० ही रात्रीची बस उरते. मध्यरात्रीनंतरच्या मॅरेथॉन खेळांना, जिथे ओळीनं तीन-चार सिनेमे दाखवतात, हा प्रश्नच येत नाही: बाहेर पडाल तेव्हा पहिली लोकल धावत असते. सिट्जेसला राहा की बार्सिलोनात, माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर वेगळा भरावा लागतो. तो सात रात्रींपर्यंतच लागतो.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: 'वेजेताल' नावाच्या सँडविचमध्ये बहुतेक वेळा ट्यूना आणि अंडं असतं. त्यापेक्षा पावावर टोमॅटो चोळून दिलेला 'पा आंब तुमाकत' मागा, किंवा भाजलेल्या वांगी-मिरच्यांची 'एस्कालिवादा'. तीही मासा न घालता, असं सांगूनच.