ऑगस्टावाल्या डॉक्टरचे स्वस्तातले कोर्स

दर एप्रिलला मास्टर्स स्पर्धा आली की आमच्या सकाळच्या गोल्फच्या ग्रुपवर ऑगस्टाचे, म्हणजे अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध गोल्फ कोर्सचे, फोटो यायला लागतात. गुलाबी अझेलिया, पांढरीशुभ्र वाळू, ओढ्यावरचा तो दगडी पूल, आणि खाली कोणीतरी लिहितं, स्वर्ग. मी पण अंगठा टाकतो, म्हणजे इमोजीवाला, मराठीतला अंगठा नाही दाखवत. पण यंदा जरा तोंड उघडलं आणि लिहिलं की हा स्वर्ग ज्याने आखला त्याचं काम बघायचं असेल तर ऑगस्टा सोडा, बेडकांवरून कोर्टात गेलेला त्याचा एक कोर्स आहे तो बघा. त्यावर एकाने विचारलं, काका सकाळी सकाळी घेतली काय? गुजरातेत राहून हा प्रश्न! म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी माझी लायकी सांगतो म्हणजे पुढे कोणी भांडायला नको. मी बडोद्याच्या दांडियाबाजारातला. लहानपणी राजवाड्याच्या आवारातल्या मोतीबागेत रणजीची मॅच बघायला जायचो तेव्हा त्याच आवारात पलीकडे गोल्फचं मैदान आहे हे आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं. प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपियन पाहुण्यांसाठी केलेलं ते, पुढे १९९० च्या दशकात त्याच राजघराण्यातल्या समरजितसिंहांनी, जे स्वतः बडोद्याकडून रणजी खेळलेत, ते नीट करून बाहेरच्यांना खुलं केलं. मी पंचेचाळिशीनंतर कंपनीतल्या एका साहेबांच्या नादाने सुरू केलं. आई तेव्हा होती, ती म्हणाली एवढासा चेंडू मारायला एवढं चालायचं आणि वर पैसे पण आपणच द्यायचे? आजवर याला उत्तर सुचलेलं नाही. हँडिकॅप चोवीस, म्हणजे ठरलेल्यापेक्षा साधारण चोवीस शॉट जास्त लागतात, आणि ते पण चांगल्या दिवशी.

तर ऑगस्टा आखणारा हा डॉक्टर अ‍ॅलिस्टर मॅकेंझी. हा खरोखरचा डॉक्टर. १८७० चा जन्म, यॉर्कशरचा, आईबाप स्कॉटिश, केंब्रिजला शिकला आणि बोअर युद्धात सर्जन म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथे त्याने बघितलं की बोअर लोक, म्हणजे तिथले डच वंशाचे शेतकरी, साध्या माळरानावर असे काही लपतात की समोरच्या इंग्रज फौजेला गोळी कुठून आली तेच कळत नाही. ते त्याच्या डोक्यात बसलं. पहिल्या महायुद्धात तो हेच कॅमोफ्लाजचं, म्हणजे लपवाछपवीचं काम करत होता, आणि गोल्फ कोर्स आखताना पण तेच केलं, फक्त उलटं. म्हणजे टीवरून, जिथून पहिला फटका मारतात तिथून, बघाल तर वाटतं बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, अगदी ग्रीनला, झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीला, चिकटून आहे, तुम्ही घाबरून जास्त लांब मारणारी काठी घेता, आणि जवळ गेल्यावर कळतं की बंकर आणि ग्रीनच्या मधे वीसेक यार्ड मोकळी जागा होती. मातीचा उंचवटा पण असा करायचा की परक्या माणसाला हा माणसाने केलाय की देवाने ते ओळखू येऊ नये. डॉक्टरकी सोडून हा माणूस माती उकरायला लागला हे त्याच्या घरच्यांना कसं वाटलं असेल याचा मी कधी कधी विचार करतो, आमच्याकडे तर अख्खी गल्ली जमली असती समजवायला.

१९०७ साली लीड्सजवळ अ‍ॅलवुडली हा पहिला कोर्स केला. १९२० मध्ये एक पातळसं पुस्तक लिहिलं, त्यात चांगल्या कोर्सची तेरा तत्त्वं दिली. त्यातली दोन वाचून मी उडालोच. एक, कच्च्या खेळाडूला, अगदी नवशिक्याला सुद्धा, कितीही शॉट लागले तरी मजा आली पाहिजे. आणि दुसरं, हरवलेला बॉल शोधत बसायचा वैताग अजिबात नको. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एक माणूस माझ्यासारख्यांचा विचार करून बसला होता! आणि आपण त्याला ओळखतो कशावरून तर ऑगस्टा आणि कॅलिफोर्नियातला सायप्रस पॉइंट, असले क्लब जिथे आपल्याला गेटवरचा वॉचमन पण उभा करणार नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलीकडे कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला होतो अडीच महिने. हिचा वेळ नातवात जायचा, माझा जात नव्हता. मग जावयाने कुठूनतरी सेकंडहँड सेट आणून दिला आणि म्हणाला, बाबा, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाली समुद्राकाठी एक म्युनिसिपालिटीचा कोर्स आहे, तुमच्या त्या डॉक्टरचा, जायचं का? माझा विश्वास बसेना. मॅकेंझीचा कोर्स आणि म्युनिसिपालिटीचा?

तर तो शार्प पार्क, पॅसिफिका गावात. १९३२ साली उघडला, म्हणजे ऑगस्टाचं काम चालू होतं साधारण त्याच काळातला. एकाच माणसाच्या हातून तिकडे श्रीमंतांचा आणि इकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या बसड्रायव्हरांचा. जमीन शार्प नावाच्या कुटुंबाकडून शहराला मिळालेली, समुद्राला लागून, मधे एक तळं. पहिल्या आखणीत काही होल, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचे टप्पे, अगदी पाण्याच्या काठाने होते, पण समुद्र काही कोणाचं ऐकत नाही, वादळात ते धुऊन गेले, मग किनाऱ्याला मोठा बांध घातला आणि काही होल हायवेच्या पलीकडे हलवले. त्यामुळे आज गंमत अशी की समुद्राकाठच्या कोर्सवर तुम्ही खेळता आणि समुद्र दिसतच नाही, बांधापलीकडून नुसता आवाज येतो, आमच्या सुरसागर तलावाच्या पाळीखाली बसून तळं ऐकल्यासारखं.

खरं सांगू, पहिली पाच मिनिटं मी निराश झालो. धुकं एवढं की फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीनच्या मधली गवताची पट्टी, अर्धाच दिसत होता, गवत ओलं, काही ठिकाणी बूट रुतत होता, आमचा राजवाड्याचा कोर्स याच्यापेक्षा टापटीप. एकटे-दुकटे गेलात की तिथे अनोळखी लोकांबरोबर जोडून देतात, आमच्याबरोबर एक रिटायर्ड प्लंबर आणि एक शाळेतल्या बाई होत्या. प्लंबरकाका चाळीस वर्षं तिथेच खेळतायत म्हणे, त्यांची बॅग ढकलायची गाडी पण तेवढ्याच वयाची वाटत होती. तिसऱ्या-चौथ्या होलपासून मला काहीतरी जाणवायला लागलं. मी नेहमीसारखा उजवीकडे मारत होतो आणि तरी बॉल सापडत होता. फेअरवे रुंद, उजवीकडून पण ग्रीनला वाट आहे, फक्त ती लांबची आणि तिरकी, म्हणजे चुकलात तर शिक्षा फाशीची नाही, दंडाची. जावई चांगला खेळतो, तो सरळ तळ्याच्या कडेने मारून एक शॉट वाचवायला बघायचा आणि दोनदा पाण्यात गेला, आणि मी लांबून वळसा घालून निवांत. एका होलवर माझे पाच शॉट आणि त्याचे सात! घरी गेल्यावर मुलीला तीन वेळा सांगितलं.

आता बेडूक. त्या तळ्यात लाल पायांचा एक बेडूक राहतो, कॅलिफोर्नियाचा खास, आणि त्या बेडकाला खाणारा एक साप, निळसर हिरवा आणि लाल पट्ट्यांचा, दिसायला फार देखणा म्हणतात. दोघंही कायद्याने संरक्षित. थंडीत पावसाचं पाणी साचतं, फेअरवे बुडू नये म्हणून पंपाने ते समुद्राकडे काढायचं, पाण्याची पातळी उतरली की बेडकीने काठाला घातलेली अंडी उघडी पडून वाळतात. यावरून २०११ मध्ये पर्यावरणवाल्यांनी शहरावर केस टाकली, त्यांना कोर्स बंद करून तिथे पाणथळ जागा हवी होती. शेवटी कोर्स वाचला. मला दोन्ही बाजू पटतात, आणि मी हे प्लंबरकाकांना म्हटलं तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी विषय बदलला. त्यांना मी सांगितलं की आमच्या गावात नदीत मगरी आहेत, विश्वामित्रीला पूर आला की सोसायटीच्या पार्किंगमधे येतात. त्यांनी फोटो मागितला. दाखवला. पुढचे दोन होल ते मगरीवरच बोलत होते.

नॉर्थवुडला मात्र मी एकटाच गेलो, म्हणजे मुलीने सोडलं आणि ती नातवाला घेऊन नदीकाठी बसली. माँटे रिओ नावाचं छोटंसं गाव, रशियन नदीच्या काठावर. १९२८ चा कोर्स, नऊच होल, सगळं मिळून तीन हजार यार्डांच्या आत. चांगला खेळणारा म्हणेल हे काय, दोन तासांत संपलं. पण दोन्ही बाजूंना रेडवुडची झाडं, सरळ वर, मान मोडेल एवढी उंच, आणि मधून गवताची पट्टी, ऊन फक्त फेअरवेवर पडतं. बॉल झाडावर आपटला की टॉक असा आवाज घुमतो, आणि मी तो बऱ्याच वेळा ऐकला. इथे डॉक्टरसाहेबांनी जवळजवळ काहीच केलेलं नाही असं वाटतं आणि मला तेच आवडलं. बंकर थोडेच, ग्रीन छोटे. उतार एवढा नाजूक की पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, मारताना दिसत नाही, चुकल्यावर दिसतो. नदीला पूर आला की हा पण पाण्याखाली जातो, पाणी उतरलं की गाळ काढायचा आणि परत सुरू. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

बाकीचे मी पाहिलेले नाहीत, नुसते वाचलेत, त्यामुळे थोडक्यात. सॅक्रॅमेंटोला हॅगिन ओक्स आहे, तो पण १९३२ चा आणि तो पण शहराचा, सपाट जमिनीवर, आणि सपाट जमिनीवर काय करायचं हे ज्याला बडोद्यात गोल्फ खेळायचंय त्याने त्याच्याकडून शिकावं. इंग्लंडमधे बक्स्टनला कॅव्हेंडिश आहे, १९२५ चा, सहा हजार यार्डांच्या आतला डोंगराळ कोर्स, आणि जाणकार लोक म्हणतात की ऑगस्टाची बीजं तिथे दिसतात. आणि रॉदरहॅमजवळ सिटवेल पार्क, तिथे त्याने ग्रीनला असे टप्पे केले की जुन्या फोटोत ते ग्रीन कमी आणि धोब्याने वाळत टाकलेली गादी जास्त वाटते. मेंबर वैतागले, पुढे ते टप्पे बरेच सपाट केले गेले. मला विचाराल तर हे सगळ्यात वाईट झालं, पण चार पट मारायला लागले असते तर मी पण त्याच मेंबरांत असतो.

ऑगस्टाबद्दल एकच सांगतो. १९२९ मध्ये ऑगस्टाचा कर्ता आणि मोठा गोल्फर बॉबी जोन्स कॅलिफोर्नियात पेबल बीचला अमेरिकन अमॅच्युअर स्पर्धेच्या पहिल्याच राउंडला हरला, हातात मोकळा वेळ होता म्हणून तिथल्या आसपासचे मॅकेंझीचे कोर्स खेळला, सांताक्रूझच्या पॅसाटिएम्पो या त्याच्याच कोर्सच्या उद्घाटनाला खेळला, आणि त्यातून पुढे ऑगस्टाचं काम डॉक्टरला मिळालं. पहिल्या आखणीत अख्ख्या ऑगस्टात बावीसच बंकर होते. दिवस मंदीचे, क्लबकडे पैसा नाही, डॉक्टरची फी पूर्ण मिळालीच नाही, तो बिचारा पत्रं लिहित राहिला. ६ जानेवारी १९३४ ला तो सांताक्रूझला वारला, पहिली मास्टर्स झाली त्याच वर्षी मार्चमधे. तयार झालेलं ऑगस्टा त्याने पाहिलंच नाही. राख पॅसाटिएम्पोवर टाकली म्हणतात, तिथे सहाव्या फेअरवेच्या कडेला त्याचं घर होतं.

हे वाचून कुठल्याही बडोदेकराला माँट आठवणार. मेजर चार्ल्स माँट, आमच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आर्किटेक्ट, १८८१ मध्ये वारला, महाल पुरा व्हायच्या कितीतरी आधी. आकडेमोड चुकली, महाल कोसळणार, या धास्तीने त्याचं डोकं फिरलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली आहे. पुढे चिझम नावाच्या दुसऱ्या आर्किटेक्टने काम हातात घेतलं, १८९० ला पुरं झालं, आणि २००१ चा भूकंप पचवून महाल आजही उभा आहे. आता बडोद्यात कोणालाही विचारा माँटने अजून काय बांधलं. अजमेरचं मेयो कॉलेज कोणी सांगणार नाही. माझी मावशी कोल्हापूरला आयुष्यभर राहिली, तिच्याकडे गेलो की नवीन राजवाड्यावरून किती वेळा गेलो असेन, तो पण माँटचाच हे मला पन्नाशीत कळलं, आणि ते सुद्धा गोल्फमुळे.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे राजवाड्यावर गेलो, जेटलॅगमुळे झोप नव्हतीच. माझा नेहमीचा कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा, पंचवीस एक वर्षं तिथे आहे, त्याने विचारलं, केम साहेब, अमेरिकामां केवुं हतुं? मी त्याला शार्प पार्कचं सगळं सांगितलं, तळं, पंप, कोर्टकचेरी, सगळं बेडकांमुळे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. समोर फेअरवेवर दोन मोर उभे होते, हलायचं नाव नाही. देडका? आपणे त्यां तो मोर छे, म्हणजे बेडूक? आपल्याकडे तर मोर आहेत, असं म्हणून त्याने माझ्या हातात सात नंबरची काठी दिली आणि म्हणाला, थोडुं डाबी बाजु मारजो, जरा डावीकडे मारा. मी मारला. उजवीकडेच गेला.