आधी आईचं ताट

सोमवार, रात्री

श्रावण तोंडावर आलाय. दिवसभर पावसाची रिपरिप, गॅलरीतल्या दोऱ्या भरलेल्या, हवेत ओल. अशा दिवसांत कुणी 'नैसर्गिक राहणी'चा विषय काढला की माझ्या मनात पहिलं येतं ते हे, की करणार कोण? घरचं उटणं, मोड आणून दळलेली नाचणी, सुती लंगोट, घरचं लोणी, ओल्या कचऱ्याचं खत. सुटी सुटी पाहिली तर यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे. सगळ्या एकदम एकाच बाईच्या अंगावर पडल्या की रोजचे दोन तास जातात, आणि ते बहुतेक तिच्या झोपेतून जातात.

म्हणून दोन प्रश्न विचारून मगच नवं काही घरात आणावं. यातून आईला काही परत मिळतं का, म्हणजे तब्येत, झोप किंवा चार पैसे? आणि ती आजारी पडली तर घरातलं दुसरं कोणी हे काम करू शकेल का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ती गोष्ट कितीही शुद्ध असली तरी सोडून द्यावी. शिकेकाई उकळायला वेळ नसेल तर साधा शाम्पू वापरावा, त्यात कमीपणा कसला?

मंगळवार

लोहाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आईच्या थकव्याची चर्चा नेहमी 'आराम कर'वर येऊन थांबते आणि रक्त कोणी तपासत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिने चढताना धाप लागणं, केस गळणं, संध्याकाळी चिडचिड होणं, पाय सतत हलवावेसे वाटणं, हे सगळं आपण 'मुलं लहान आहेत ना' या खात्यावर टाकून मोकळे होतो.

हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर रक्तक्षय, गरोदरपणात 11 च्या खाली. पण हिमोग्लोबिन ठीक दिसूनही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून सोबत फेरिटिनची तपासणी मागून घ्यावी. ते 15 च्या खाली असेल तर साठा रिकामा आहे. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं वाटल्यावर तपासावं.

आता खाण्याचं. बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण सांगतं. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं हा समज घट्ट रुजलाय, पण 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. गुळाच्या एका खड्यातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. दोन्ही आवडीनं खावं, भिस्त मात्र त्यांच्यावर ठेवू नये. भिस्त ठेवावी मटकी, हुलगे, चवळी, हरभरे, बाजरी, तीळ आणि अळिवावर. मांसाहारी घरात मटणावर, कारण मांसातलं लोह शरीर सहज उचलतं. कडधान्यातलं लोह उचलायला मदत लागते. मटकीच्या उसळीवर अर्धं लिंबू पिळलं किंवा ताटात पेरूची फोड ठेवली की काम होतं. लिंबू गॅसवर असताना पिळू नये, उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं. ताटात वाढल्यावर पिळावं.

आणि चहा. पुण्यात पोहे म्हटले की सोबत चहा आलाच, आणि तिथेच लोह अडतं. चहातले घटक लोहाला धरून ठेवतात, मग ते रक्तात जात नाही. चहा सोडायची गरज नाही, जेवण-नाश्त्यापासून तासभर लांब ठेवला की पुरे. सकाळी उठल्याबरोबर चहा, तासाभरानं लिंबू पिळलेले पोहे. एवढाच बदल, आणि त्याला एक मिनिटही जास्त लागत नाही.

गोळ्या चालू असतील तर कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नये, एक सकाळी आणि एक रात्री घ्यावी. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरू नये. पोटात फार मळमळलं किंवा बद्धकोष्ठ झालं तर गोळी परस्पर बंद करण्यापेक्षा दिवसाआड चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. आकडा सुधारला की गोळ्या थांबवणं ही सर्रास होणारी चूक. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. आणि ही पाकिटं फ्रीजवर, टेबलावर ठेवू नका. लहान मुलानं लोहाच्या गोळ्या मूठभर गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. कुलपात ठेवा.

बुधवार

लोखंडी कढईचं कालच लिहायचं राहिलं.

पुण्यात मंडई-बोहरी आळीच्या बाजूला साधी लोखंडी कढई मिळते. घेताना आतून हात फिरवावा. चकचकीत लेप असेल तर तो आधी घासून काढावा लागतो, नाहीतर पहिल्या भाजीला वास मारतो. घरी आणल्यावर साबणानं घासायची, गॅसवर पूर्ण कोरडी करायची, अगदी पातळ तेलाचा हात द्यायचा आणि धूर निघेपर्यंत तापवायची. गार झाली की पुन्हा तेच. असं तीन-चारदा केलं की पृष्ठभाग काळसर होतो. मग कांद्याची सालं आणि टाकाऊ देठं तेलात परतून फेकून द्यायची. तेल जाड लावलं की चिकट थर बसतो आणि तो सुटा होऊन भाजीत येतो. बहुतेक कढया इथेच बिघडतात आणि माळ्यावर जातात.

लोह उतरतं ते आंबट आणि पातळ पदार्थात: चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोची भाजी, आंबट चुका. आमटीचा रंग काळपट होतो आणि जिभेला किंचित धातूची चव लागते. शिजली की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढावी. रात्रभर कढईतच राहिली तर सकाळी ती खाववत नाही, आणि कढईलाही गंज धरतो. धुतल्यावर फडक्यानं पुसून गॅसवर अर्धा मिनिट. या दमट हवेत नुसतं पालथी घालून चालत नाही.

गुरुवार, दुपार

श्रावणातल्या उपवासांबद्दल. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण 600 कॅलरी जास्तीच्या लागतात, आणि नेमकी तीच सोमवारी सकाळपासून चहावर असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीतलं खरं पोषण दाण्याच्या कुटातून येतं. सोमवार धरायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, भरपूर दही, ताक, खजूर आणि एक फळ असं ताट करावं. पाणीही न पिता उपवास पाजणाऱ्या बाईनं करूच नये. सासूबाईंनी हे सांगितलं तर सून ऐकते, म्हणून हे मी मुद्दाम आज्यांसाठी लिहितेय: मावशी, काकू, तुम्ही तिला उपवास सोडायला सांगा. तुमच्या शब्दाला वजन आहे.

घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर आईनं उरलंसुरलं खायचं, ही रीत आता तरी मोडायला हवी. डाळ शिजली की पहिली वाटी तिची काढून बाजूला ठेवावी, म्हणजे शेवटी तिच्या वाट्याला नुसतं पाणी येत नाही.

शुक्रवार

लंगोट. पावसाळ्यात सुती लंगोट वापरणं जमतं, पण संख्या हवी. तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा वेळा ओलं करतं. उन्हाळ्यात वीस पुरतात, आत्ता तिसाच्या आसपास लागतात, कारण एक धुणं वाळायला दीड दिवस घेतं. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे हातभर चौकोन सगळ्यात उत्तम. नवं कापड पहिल्या काही धुण्यांत पाणी शोषत नाही, त्यामुळे आजीची वापरून मऊ झालेली साडीच कामी येते.

धुण्याची पद्धत: शी संडासात झटकून लगेच गार पाण्यात खळबळायचं, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. मग नेहमीच्या निम्म्या पावडरीत कोमट पाण्यात धुणं, आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढणं. मऊपणासाठी जे कंडिशनर घालतात ते इथे अजिबात नको. त्याचा थर कापडावर बसतो आणि ओल आत शिरत नाही, वरून ओघळते. जंतुनाशकाचं पाणीही नको, ते उरलं तर बाळाची कातडी लाल होते. ओला झाल्यावर लगेच झणझणीत वास आला तर पावडर उरली आहे, एक जास्तीचं खंगाळणं हवं. न वापरताच कुबट वास येत असेल तर कापड वेळेत वाळलं नाही.

वाळवताना दोन लंगोटांत वीतभर अंतर, खाली पंखा. वाळलं का हे मधोमध हात लावून कळत नाही. शिवण किंवा दुमड चिमटीत धरावी, गार लागली तर अजून ओल आहे. शेवटची ओल इस्त्रीनं काढावी. हे काम बाबांनी रात्री बातम्या बघताना करण्यासारखं आहे.

आणि रात्री सरळ डायपर घालावा. मी हे ठामपणे म्हणते. ओल्यानं उठणाऱ्या बाळामागे आईची सलग झोप जाते आणि ती झोप कुठल्याही सुती कापडापेक्षा मोलाची आहे. वापरलेला डायपर गुंडाळून वर्तमानपत्रात बांधावा, वर ठळक लाल ठिपका काढावा आणि वेगळा द्यावा. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताई घरोघर येतात, त्यांना पुडी न उघडता आत काय आहे ते कळतं. सॅनिटरी पॅडचंही तसंच.

शनिवार

जुन्या गोष्टींपैकी काय सोडायचं, हे थोडक्यात. बाळाला शेगडीची धुरी नको, कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. डोळ्यात काजळ नको, काही काजळांत शिसं सापडतं. नाकात, कानात तेल नको. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. पहिले सहा महिने घुटीही नको, फक्त दूध. खोबरेल तेलानं हलका मसाज मात्र जरूर करावा. आईलाही करावा, आणि तो दुसऱ्या कुणी करावा.

खोकल्याचे दिवस आहेत म्हणून एक गोष्ट, जी बायका एकमेकींतही बोलत नाहीत. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब गळणं फार जणींना होतं आणि व्यायामानं बरंच सुधारतं. वायू अडवताना जे स्नायू आपण आत-वर ओढतो तेच ओढायचे, पाच सेकंद धरायचे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखला, पोट खाली ढकललं किंवा कुल्ले आवळले तर उपयोग होत नाही, ढकलल्यानं उलट त्रास वाढतो. लघवी करताना मधेच अडवून याचा सराव करू नये. सवयीला जोडलं तर राहतं: कुकरच्या शिट्टीची वाट बघताना, सिग्नलला. तीन महिने नेमानं करूनही फरक नसेल, किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं.

रविवार

उद्या पुन्हा ऑफिस, म्हणून बाळासाठी काढून ठेवलेल्या अंगावरच्या दुधाचा हिशेब. ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, बर्फाच्या पॅकसह थंडावा टिकवणाऱ्या (इन्सुलेटेड) बंद पिशवीत चोवीस तास टिकतं. हिंजवडीहून परतताना तास-दीड तास वाहतुकीत जातो, तेव्हा पॅक दोन घ्यावेत. ते ऑफिसच्या फ्रीझरमध्ये ठेवून निघताना परत पिशवीत टाकावेत. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहावी, फ्रीजच्या दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावी. गरम करताना बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतकं कढत होतं. साय वर आली तर बिघडलं असं नाही, हलकं फिरवलं की मिसळते.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. दूध पाजण्यासाठीच्या रोजच्या दोन मधल्या सुट्ट्याही मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत कायद्यात आहेत. हे लेखी मागावं, तोंडी विचारलं की टोलवाटोलवी होते.

आणि मनाचं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात रडू येणं सहसा आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत राहिलं, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, रात्रीसुद्धा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला एकटं सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. नंबर फ्रीजवर चिकटवावा, आणि नवऱ्यानं, आईनं, बहिणीनंही आपल्या फोनमध्ये ठेवावा, कारण जिला गरज असते ती स्वतः क्वचितच फोन लावते.