पाऊस, दीड वर्षाचं मूल आणि तांदळाची उकड

पावसाची झड लागली की आधी मुलाची रग जिरवायची, बैठे खेळ नंतर. सकाळीच खडू हातात दिले तर भिंती रंगतात. गादी जमिनीवर ओढा, उशांचा ढीग करा आणि चढू-उतरू द्या. पाय अनवाणी हवेत. दमट फरशीवर मोजे घसरतात.

मग गोळा. सगळीकडे मैदा-मिठाचा गोळा सुचवतात: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गोळा पार चिकट होतो. केलेली चित्रंही धड वाळत नाहीत. शिवाय सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला तो देऊच नये. इतकं मीठ पोटात जाणं धोक्याचं.

त्यापेक्षा मोदकाची उकड बरी. एक वाटी पाण्यात चमचाभर तेल घालून उकळी आणा, गॅस बारीक करून एक वाटी तांदळाची पिठी घाला, ढवळा, झाकून दोन मिनिटं वाफ काढा. मळायची मात्र जरा निवल्यावर, तेलाच्या हाताने. वरून गार लागली तरी आत वाफ कोंडलेली असते, म्हणून मुलाला देण्याआधी गोळा फोडून बघा. भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावा; चिकटली तर कोरडी पिठी. रंगाला पाण्यातच थोडा बीटाचा रस. हळद नको, कपड्यांवरचे डाग जात नाहीत. चुकून खाल्ली तरी शिजलेलीच आहे, पण मोठा घास घशात अडकू शकतो, तेव्हा शेजारी बसा. संध्याकाळी उरलेली टाकून द्या, ती आंबते.

हत्यारं घरचीच: छोटं लाटणं, वाटी, करंजीचं कातणं. गाळणीतून दाबली की शेवया पडतात, आणि त्यातच अर्धा तास जातो. सोऱ्या नको, इतका जोर नसतो. डोळे म्हणून राजमा-वाटाणे खुपसायला देऊ नका. दाणा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो, मग डॉक्टरच गाठावा लागतो.

एवढ्यावरही पाऊस थांबला नाही, तर न्हाणीघरात परातीत दोन बोटं पाणी आणि तीन वाट्या. इथून मिनिटभरही हलायचं नाही, फोन वाजला तरी. आणि मूल चड्डीवरच बसवा. बाकीचे कपडे अजून दोरीवर ओलेच असतील.