क्रियापद एकटं, नाम जोडीनं
इंग्रजीत 'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन' चुकतं, कारण मनात 'योजनेबद्दल चर्चा केली' असतं आणि त्या 'बद्दल'चं आपण अबाउट करतो. डिस्कसला थेट कर्म लागतं. त्याचं नाम झालं की मात्र पुढे प्रिपोझिशन, म्हणजे अबाउट, फॉरसारखा जोडणारा शब्द, हवंच: 'डिस्कशन अबाउट द प्लॅन'. डिमांड, रिक्वेस्ट यांचंही तेच. 'वी डिमांडेड अ रिफंड', पण 'अवर डिमांड फॉर अ रिफंड'.

'तिच्याशी लग्न' म्हणून मॅरीड विथ लिहिलं जातं. हवं मॅरीड टू. डिपेंड ऑन आपल्या 'वर'शी जुळतं, म्हणून तिथे फारसं कुणी अडखळत नाही. रीझन फॉर, पण कॉझ ऑफ: इथे तर्क लढवू नका, सरळ पाठ करा. आणि वहीत नुसतं 'रीझन' नको, 'द रीझन फॉर द डिले' असा अख्खा तुकडा उतरवा.