जावास्क्रिप्टमध्ये स्टॅटिक मेथड नेमकी राहते कुठे?

तारीख-वेळेचा 'डेट' क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, बघा. 'गेटटाइम' ही इन्स्टन्स मेथड, म्हणजे क्लासपासून बनलेल्या ऑब्जेक्टवरून बोलावायचं फंक्शन आहे, कारण ती एका ठरावीक तारखेबद्दल उत्तर देते. 'नाऊ' स्टॅटिक आहे, म्हणजे ती थेट क्लासवरून बोलावतात. आत्ताची वेळ विचारायला आधी तारखेचा ऑब्जेक्ट कशाला बनवायचा?

इन्स्टन्स मेथड क्लासच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे त्याच्या सगळ्या ऑब्जेक्टच्या सामायिक ऑब्जेक्टवर, एकदाच ठेवली जाते आणि सगळे ऑब्जेक्ट तीच वापरतात. स्टॅटिक मेथड थेट क्लासवर असते. मेथडचा शोध ऑब्जेक्टपासून प्रोटोटाइपकडे जातो; या शोधसाखळीत क्लास स्वतः येतच नाही, म्हणून ऑब्जेक्टवरून स्टॅटिक मेथड बोलावली की 'हे फंक्शन नाही' असा टाइप एरर मिळतो.

खरी गडबड 'धिस'मुळे, म्हणजे मेथड कशावरून बोलावली ते दाखवणाऱ्या शब्दामुळे होते. स्टॅटिक मेथडमध्ये 'धिस' म्हणजे बोलावताना टिंबाच्या डावीकडे लिहिलेला क्लास. त्यामुळे ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या स्टॅटिक मेथडमध्ये क्लासचं नाव न लिहिता 'न्यू धिस' लिहावं. मग उपक्लासवरून, म्हणजे या क्लासचा वारसा घेणाऱ्या क्लासवरून, बोलावल्यावर उपक्लासचाच ऑब्जेक्ट मिळतो. पण मेथड सुटी काढून व्हेरिएबलमध्ये ठेवली, तर 'धिस' अनडिफाइन्ड होतो, कारण क्लासच्या आतला कोड कायम स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे कडक नियमांनी चालतो. 'प्रॉमिस'ची 'रिझॉल्व्ह' मेथड सुटी चालवली तरी एररच येतो.

भाषेच्या २०२२च्या आवृत्तीत आलेल्या स्टॅटिक फील्डमध्येही, म्हणजे थेट क्लासवर ठेवलेल्या किमतीतही, एक खड्डा आहे. स्टॅटिक मेथडमधून 'धिस'वरचा काउंटर वाढवला आणि ती उपक्लासवरून चालवली, तर मूळ आकडा वाचला जातो, पण नवा आकडा उपक्लासवर लिहिला जातो. दोन मोजण्या सुरू होतात आणि एररही येत नाही. सामायिक काउंटर हवा असेल तर तिथे मात्र मूळ क्लासचं नावच लिहा.